वर्दी कोणी द्यायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



सकाळपासून आठवणींचा पाऊस पडतोय. मीटरगेजच्या गाडीनं डबा सांभाळत येणारी मुलं झाली, रामलीला मैदानावरचा दसरा झाला, कयाधूला पूर आला की मिळणारी सुट्टीही झाली. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा झाला, पण तोवर आपल्यातले बरेच जण पोटापाण्यासाठी बाहेर पडले होते. त्यातलीच मी एक.

संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या नोकरीतलं काहीतरी उपयोगाचं बोल.’ माझी नोकरी एका विद्यापीठाच्या कार्यालयात गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झाले. परीक्षा विभाग, आस्थापना, विद्यार्थी विकास असं सगळं फिरून झालं. शेवटची काही वर्षं अंतर्गत तक्रार समितीवर शिक्षकेतर सदस्य होते. तेव्हा उपयोगाचं म्हणावं असं माझ्याकडे जे आहे, ते फार गोड नाही. महाविद्यालयात, विद्यापीठात, कामाच्या ठिकाणी माणसाला माणसाकडून होणारी मारहाण, धमकी, छळ, पाठलाग यांबद्दल मी बोलणार आहे. जेवणानंतर असला विषय घेतल्याबद्दल रागावू नका.

विषय निवडायला कारण घडलं. आपल्या व्हॉट्सॲप गटावर एका मैत्रिणीनं मध्यंतरी विचारलं होतं. तिची परवानगी घेऊनच सांगते. तिची मुलगी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. एसटीनं जाते-येते. एक जण तिच्या मागे लागलाय. स्टँडवर उभा राहतो, फोन करतो, वर्गाच्या वेळा त्याला पाठ आहेत. मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘नोकरी सोडायला सांगू का?’ गटावर बरीच उत्तरं आली. बहुतेकांचं म्हणणं, काही दिवस जाऊ द्या, लक्ष देऊ नका, मुलींनी जपून राहावं. सगळी उत्तरं प्रेमापोटी होती, यात शंका नाही. पण त्यातलं एकही उत्तर त्या मुलाच्या दिशेनं जात नव्हतं. सगळी मुलीच्या दिशेनं जात होती.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. अशी हिंसा बहुतेक वेळा अचानक येत नाही. ती आधी वर्दी देते. ती वर्दी एकाच माणसाच्या कानावर पूर्ण पडत नाही, दहा जणांच्या कानावर तुकड्यातुकड्यानं पडते. ते तुकडे कोणी एकत्र केले, कागदावर आणले आणि नंतर त्याच्या साक्षीला उभे राहिले, तर पुष्कळ गोष्टी वेळेत थांबवता येतात.

हिंगणघाट सगळ्यांना आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०२०, सोमवारची सकाळ. महिला महाविद्यालयात शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका रोजच्यासारखी गावाहून आली, बसमधून उतरली आणि महाविद्यालयाकडे चालत निघाली. नांदोरी चौकात तिच्याच गावच्या माणसानं तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. आठवडाभर ती नागपूरच्या रुग्णालयात झुंजत होती. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयानं आरोपीला जन्मठेप सुनावली.

त्या वेळी मोर्चे निघाले, गावं बंद राहिली, नवे कायदे करण्याच्या घोषणा झाल्या. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट राहून गेली. तो माणूस त्या दिवशी आकाशातून पडला नव्हता. तो तिला आधीपासून ओळखत होता, तिच्या मागे होता. तिची बस कोणती, ती कुठे उतरते, कुठल्या रस्त्यानं जाते, हे सगळं त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक करून घ्यायला दिवस लागतात. आणि जो माणूस इतके दिवस एका मुलीच्या रस्त्यावर उभा राहतो, तो कुणालातरी दिसतोच. चहाच्या टपरीवाल्याला दिसतो, बरोबर उतरणाऱ्या मुलींना दिसतो, फाटकावरच्या शिपायाला दिसतो.

इथे कायद्याची एक बारकी गोष्ट सांगते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे नुसती कार्यालयाची इमारत नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा त्यात येते, आणि मालकानं किंवा संस्थेनं ने-आण करायला दिलेलं वाहनही येतं. पण आपल्या मुली संस्थेच्या बसमधून जात नाहीत. त्या कळमनुरीहून, सेनगावहून, औंढ्याहून एसटीनं येतात आणि स्टँडपासून चालत जातात. ते चालणं कायद्याच्या त्या व्याख्येत सरळ बसत नाही. म्हणून संस्था हात झटकते, ‘फाटकाबाहेरचं आम्ही काय करणार?’ प्रत्यक्षात फाटकाबाहेरचं आणि आतलं यांच्यात माणूस एकच असतो. तिच्या वेळा त्याला ज्यानं सांगितल्या, तो बऱ्याचदा आतलाच असतो. आणि फाटकाबाहेरच्या पाठलागासाठी पोलिसांचा कायदा आहेच. त्याकडे मी नंतर येते.

आता वर्दी ओळखायची कशी? आपल्याला वाटतं, आरडाओरडा करणारा माणूस धोक्याचा. परीक्षा विभागात मी पुष्कळ आरडाओरडा ऐकला. निकाल राखून ठेवला की बाप यायचा, पुढारी यायचा, टेबलावर हात आपटायचा. त्यातले बहुतेक जण पाणी प्यायला दिलं, बसवलं, अर्ज लिहून घेतला की शांत व्हायचे. त्यांना काम हवं असायचं. धोक्याचा माणूस वेगळा असतो. त्याला काम नको असतं, एक ठरावीक माणूस हवा असतो. त्याची सगळी तक्रार एकाच नावाभोवती फिरते. तो तीच गोष्ट परत परत सांगतो आणि दर वेळी त्यात एक पायरी वाढलेली असते. आधी ‘माझ्यावर अन्याय झाला’, मग ‘त्यांनी मुद्दाम केलं’, मग ‘मी सोडणार नाही’, आणि मग एखादी तारीख. ‘निकालाच्या दिवशी बघतो.’ ‘या परीक्षेनंतर बाहेर भेटा.’ तारीख आली की समजावं, गोष्ट बोलण्याच्या पुढे गेली आहे. धमकी हसत दिली म्हणून ती थट्टा होत नाही.

दुसरी बाजू ज्याला त्रास होतोय त्याची. ते माणूस सहसा बोलत नाही. पण त्याच्या सवयी बोलतात. नेहमीची बस सोडून उशिराची धरणं, फोन वाजला की दचकणं, नंबर बदलणं, एका ठरावीक माणसाच्या टेबलावर फाइल न्यायला टाळाटाळ करणं, रजा वाढणं. आमच्या विभागात एक कंत्राटी मुलगी होती. तिचं काहीतरी बिनसलंय हे आम्हा अधिकाऱ्यांच्या आधी झाडलोट करणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं. मावशी मला म्हणाल्या, ‘मॅडम, पोरगी आठ दिवस झाले डबा खाईना, अन् मागच्या दारानं जायलीय.’ एवढंच. पण त्या एका वाक्यात सगळं होतं.

मित्रांनो, हे लक्ष ठेवणं आपल्याला कोणी नव्यानं शिकवायला नको. आपल्या शाळेत हजेरी घेताना एखादा तीन दिवस आला नाही, की वर्गशिक्षक त्याच्या गल्लीतल्या मुलाला उभं करून विचारायचे, ‘का रे, काय झालं त्याला? संध्याकाळी घरी जाऊन ये.’ हजेरीपटावरची ती गैरहजेरीची खूण म्हणजे नोंद आणि चौकशी दोन्ही होतं. मोठ्या संस्थांत आता बायोमेट्रिक हजेरी आहे, कॅमेरे आहेत. आठ दिवस डबा न खाणारी मुलगी मात्र त्यात दिसत नाही.

गुरुजनांची माफी मागून आणखी एक गोष्ट बोलते. छडी आपण सगळ्यांनी खाल्ली. आज तिच्या आठवणी आपण हसत सांगतो, आणि तुमच्याविषयीच्या प्रेमात त्यानं काही उणं आलं नाही. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला बंदी आहे, ते बरंच झालं. कारण छडीबरोबर आम्ही एक धडा नकळत शिकलो होतो, की वरच्यानं मारलं तर घरी सांगायचं नाही. सांगितलं तर घरी आणखी पडायची. तोच धडा घेऊन आम्ही नोकरीला लागलो. वरचा ओरडला, फाइल तोंडावर फेकली, अपमान केला, गप्प बसायचं. हा धडा आपल्या पिढीबरोबर संपला पाहिजे.

कारण गप्प बसण्याची किंमत मोठी असते. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. आदिवासी समाजातली मुलगी. शिकणारी म्हणून विद्यार्थिनी, आणि रुग्णालयात रात्रंदिवस राबणारी म्हणून कर्मचारीही. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच्या न्यायावर मी बोलणार नाही. पण घरच्यांचं म्हणणं होतं, की आम्ही आधीच तक्रार नेली होती. प्रत्येक अशा प्रकरणात हे वाक्य मला सापडतं. आधी सांगितलं होतं. तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेल्याची पोच कुणाकडेच नसते.

म्हणून पहिलं काम, लिहायचं. साधी वही पुरते. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, काय शब्द वापरले, कोण हजर होतं. ‘तो वाईट माणूस आहे’ असं लिहून उपयोग नाही. ‘अमुक तारखेला सकाळी साडेदहाला ग्रंथालयाच्या दारात वाट अडवली, अमुक बाई तिथे होत्या’ असं लिहायचं. मेसेज पुसायचे नाहीत, फोनची नोंद काढून टाकायची नाही. मुली लाजेनं आधी पुसतात आणि मग तक्रार करतात. त्या कंत्राटी मुलीनं मावशींसमोर बसून अशी वही लिहिली. नऊ नोंदी झाल्या. पहिल्या तीन वाचल्या तर वाटावं, यात काय विशेष? नऊच्या नऊ एकाखाली एक वाचल्या आणि खोलीतलं कोणी बोलेना.

दुसरं काम, ती वही योग्य टेबलावर ठेवायची आणि पोच घ्यायची. जिथे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वेगळे नियमही आहेत. त्यांनुसार समितीत अध्यापकांबरोबर दोन शिक्षकेतर कर्मचारी असतात, आणि विषय विद्यार्थ्यांचा असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि चौकशी चालू असतानाच तक्रारदार समितीकडे मागू शकते, की माझी किंवा त्याची बदली करा, मला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. हे पुष्कळांना माहीत नसतं. निकाल लागेपर्यंत त्याच खोलीत त्याच्यासमोर बसायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तासिका तत्त्वावरच्या मुलींना वाटतं, आपण कायम नाही, आपल्याला कोण विचारतं. कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, कंत्राटी, रोजंदार, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारीसुद्धा. भीती वेगळी असते, की पुढच्या वर्षी आदेश मिळणार नाही. ती भीती खोटी नाही. आमच्या त्या मुलीच्या प्रकरणातही वरून एक निरोप आला होता, ‘नॅकची समिती यायची आहे, आपापसांत मिटवून टाका.’ मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, हेच मला लेखी द्या, मी फाइलला लावते. लेखी काही आलं नाही. प्रकरण समितीपुढे गेलं. चौकशीचा अहवाल झाला, त्या माणसाचं कंत्राट संपवलं गेलं, मुलीचं काम चालू राहिलं. मावशींनी समितीपुढे येऊन साक्ष दिली. अंगठा नव्हे, सही केली. प्रौढ शिक्षणात शिकलेली सही.

पण घाईही करायची नाही, हे मुद्दाम सांगते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये तक्रारी आल्या. समितीनं इतक्या झपाट्यानं चौकशी उरकली, की आरोप असलेल्या माणसाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १२ मे २०२३ रोजी न्यायालयानं शिक्षा रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी मागे पाठवलं. १४ वर्षं! यात नुकसान दोघांचं झालं. दोषी नसेल तर त्याचं, आणि तक्रार खरी असेल तर तक्रारदार मुलींचं त्याहून जास्त. त्याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या कार्यालयांत, विद्यापीठांत अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितलं. नोटीस द्या, कागदपत्रं द्या, बाजू ऐका, उलटतपासणीचे प्रश्न लेखी घ्या. रीत पाळली तरच निकाल टिकतो.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. साक्षीला उभं राहायचं. उज्जैनचं माधव महाविद्यालय, २६ ऑगस्ट २००६. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून वाद पेटला. प्राध्यापकांना धक्काबुक्की, मारहाण झाली आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा त्यात मृत्यू झाला. भर दिवसा, महाविद्यालयाच्या आवारात, माणसांच्या गर्दीत, वाहिन्यांचे कॅमेरे चालू असताना. तिथे निकाल नि:पक्ष होईल की नाही या शंकेनं सर्वोच्च न्यायालयानं खटला आपल्या नागपूरला पाठवला. जुलै २००९ मध्ये नागपूरच्या न्यायालयानं पुराव्याअभावी सगळ्या आरोपींना सोडून दिलं. साक्षीदार फिरले होते. पाहणारे शेकडो होते आणि ठामपणे सांगणारं कोणी उरलं नाही. न्यायाधीश फाइलमधलंच वाचतात. जे आपण फाइलमध्ये जाऊ दिलं नाही, ते त्यांनी कुठून वाचायचं?

आता प्रत्यक्ष प्रसंग समोर आला तर काय करायचं, ते थोडक्यात. आमच्या सुरक्षा रक्षकांना जे शिकवलं जायचं तेच सांगते. चिडलेल्या माणसापासून दोन हातांचं अंतर ठेवा. आवाज खाली ठेवा, त्याच्या अंगाला हात लावू नका, भोवती गर्दी करू नका. त्याचा दाराकडचा रस्ता अडवू नका, आणि तुमचाही दाराकडचा रस्ता मोकळा राहील असे बसा. टेबलावरची कात्री, पेपरवेट, टोचा नजरेआड करा. वाद जिंकायला जाऊ नका. एकानं बोलत राहायचं, दुसऱ्यानं ११२ लावायचा. महिलांसाठी १८१ आहे. हत्यार दिसलं तर शौर्य दाखवायचं नाही, माणसं बाहेर काढायची.

कुणाला भाजलं, कुणावर ॲसिड पडलं, तर पाणी. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, आणि ॲसिड पडलं असेल तर त्याहूनही जास्त वेळ. बांगड्या, अंगठी लगेच काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ कापडानं झाका आणि रुग्णालय गाठा. आपण हळदीच्या मुलखातली माणसं, वसमतची हळद देशभर जाते. पण भाजलेल्या जागी हळद लावायची नाही, टूथपेस्ट लावायची नाही, शाई लावायची नाही.

प्रसंग घडून गेल्यावर तीन गोष्टी तातडीनं. कॅमेऱ्यातलं चित्रण काढून ठेवायला लेखी पत्र द्या, काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं आणि जुनं जातं. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं आणि जबाब त्याच दिवशी घ्या. आणि कुणाचाही व्हिडिओ गटावर फिरवू नका, आपल्या तुकडीच्या गटावरसुद्धा.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला तेव्हा फोनवर जे सांगितलं, ते असं. मुलीनं नोकरी सोडायची नाही. आजपासून वही. प्राचार्यांना लेखी अर्ज, पोचेसह, आणि त्यात मागणी, की तासांच्या वेळा कोणालाही सांगू नयेत आणि फाटकावर त्या मुलाचं वर्णन द्यावं. जाताना-येताना आठ-पंधरा दिवस सोबत. आणि पोलीस ठाणं. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१३ पासून तो दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्याची हद्द कुठली, असा प्रश्न कोणी विचारला, तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. मैत्रिणीला सगळ्यांत जास्त भीती होती ती वेगळीच. ‘उद्या सोयरीक जुळवताना हे निघालं तर?’ मी म्हटलं, निघू दे. जे घर मुलीनं तक्रार केली म्हणून मागे फिरेल, ते घर आधीच कळलं हे बरं. यावर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मायलेकी ठाण्यात गेल्या. मुलगा नुसत्या नोटिशीनं ताळ्यावर आला. सगळेच येतात असं नाही, म्हणून वही अजून चालू आहे.

शेवटी आपल्याबद्दल. या मांडवात बघा कोण कोण बसलंय. चार-पाच जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. काही मुख्याध्यापक आहेत. पोलीस खात्यातले आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाचा हळदीचा कारखाना आहे, हंगामात पंधरा-वीस बाया कामाला असतात. म्हणजे आपल्यातले निम्मे आता ‘वरचे’ झालेत. तक्रार आली तर ती आपल्याच टेबलावर येणार आहे.

तेव्हा तीन मागण्या करते. जे संस्थांवर आहेत, त्यांनी परत गेल्यावर आपली अंतर्गत समिती कागदावर आहे की खरी आहे, एवढं पाहावं. सदस्यांची नावं आणि फोन दर्शनी फलकावर लावावेत, आणि बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा असावा, अध्यक्षांचा मेव्हणा नसावा. ज्यांच्याकडे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता आणि फोन जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन आपापल्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात लावावा. आणि तिसरी मागणी आपल्या सगळ्यांकडे. पुढच्या वेळी गटावर कुणी असा प्रश्न टाकला, तर ‘जपून राहा’ लिहिण्याआधी ‘मी बरोबर येतो, कधी जायचं?’ असं लिहावं. हिंगोलीत, वसमतला, नांदेडला, परभणीला, संभाजीनगरला आपलं कोणी ना कोणी आहे. ठाण्याच्या पायरीवर बरोबर उभं राहणारं एक माणूस असलं की मुलीचा आवाज निम्म्यानं वाढतो, हे मी समितीच्या खोलीत कितीदा तरी पाहिलंय.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपली म्हणून. चहा तयार आहे असंही त्यात लिहिलंय. ज्यांना वकील मित्रांचे, पोलीस मित्रांचे फोन हवेत, त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी आपलं नाव डाव्या पानावर लिहावं. उजवं पान, ज्यांना कधी लागेल त्यांच्यासाठी, कोरं राहिलं तर सगळ्यांत उत्तम.